पावणेसोळा मिनिटांची रेकॉर्ड

१९८२ मध्ये ब्रिटनच्या विक्री-यादीत पाच वर्षांपूर्वीचे एक गाणे पुन्हा दिसू लागले आणि २१व्या क्रमांकापर्यंत चढले. गाणे होते डॉना समरचे 'आय फील लव्ह'. १९७७च्या उन्हाळ्यात ते याच यादीत सलग चार आठवडे पहिले होते. त्यामुळे ही जुन्या हिटची नुसती फेरछपाई आहे असे कोणाला वाटले असते तर त्यात नवल नव्हते. पण या बारा इंची रेकॉर्डवर १९७७चे गाणे जसेच्या तसे नव्हतेच. त्याची लांबी होती १५ मिनिटे ४५ सेकंद, मूळ अल्बमवरच्या गाण्याच्या अडीचपटीहून जास्त, आणि वाढलेला भाग मूळ निर्मात्यांनी केलेला नव्हता. सॅन फ्रान्सिस्कोतल्या पॅट्रिक काउली नावाच्या तरुण संगीतकाराने तो कोणालाही न विचारता केला होता. काही वर्षे तो डीजेंच्या हातोहात फिरला, मध्ये एका वर्गणीदार-सेवेने तो फक्त डीजेंसाठी छापला, आणि शेवटी ज्या कंपनीच्या मालकीचे गाणे होते तिनेच तो स्वतःच्या लेबलखाली दुकानात आणला. डिस्कोचा इतिहास सहसा विक्री-याद्यांवरून लिहिला जातो. कोणते गाणे कितव्या क्रमांकावर गेले, किती प्रती खपल्या, कोणत्या चित्रपटाने लाट आणली, हे त्याचे टप्पे. विक्रीसाठी नसलेल्या, थोड्याच प्रती निघालेल्या रेकॉर्डी या इतिहासात आल्याच तर संग्राहकांच्या गमतीजमती म्हणून येतात. माझे म्हणणे नेमके उलटे आहे. या संगीताचा अव्वल दस्तऐवज म्हणजे त्या न विकल्या गेलेल्या रेकॉर्डीच, आणि दुकानातली हिट सिंगल ही त्यांची नंतर काढलेली नक्कल. 'आय फील लव्ह'ची हकीकत नीट मांडली तर हे दाखवता येते.

सुरुवात म्युनिकमध्ये होते. बोस्टनची डॉना गेन्स 'हेअर' या संगीतिकेत काम करायला १९६८ मध्ये तिथे गेली आणि राहिली. लग्नानंतरचे झोमर हे आडनाव इंग्रजी वळणाने समर झाले. दक्षिण टिरोलमधून आलेला जॉर्जियो मोरोडर आणि इंग्लंडचा पीट बेलॉट हे तिचे निर्माते. १९७५ मध्ये या तिघांचे 'लव्ह टू लव्ह यू बेबी' गाजले. कॅसाब्लांका कंपनीचा मालक नील बोगार्ट याने आपल्या घरच्या पार्टीत ते लावले, पाहुणे पुन्हा पुन्हा लावायला सांगू लागले, म्हणून त्याने मोरोडरला ते लांबवायला सांगितले आणि जवळजवळ सतरा मिनिटांच्या गाण्याने एलपीची पूर्ण बाजू व्यापली, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. दोन वर्षांनी 'आय रिमेंबर यस्टर्डे' या अल्बमची कल्पना अशी ठरली की एकेका गाण्याने एकेका काळाची आठवण करून द्यावी आणि शेवटच्याने येणाऱ्या काळाचा अंदाज बांधावा. भविष्य म्हटल्यावर वाद्यवृंद नको, यंत्र हवे. म्हणून संगीतकार एबरहार्ड शोनर याच्या मालकीचा मूग मॉड्युलर सिंथेसायझर म्यूझिकलँड स्टुडिओत आणवला गेला, आणि त्याच्याबरोबर तो हाताळणारा रॉबी व्हेडेलही आला.

हे यंत्र म्हणजे तारांचे जंजाळ खोचलेली कपाटेच. ते तापले की सूर सोडायचे, त्यामुळे थोडे वाजवायचे, थांबायचे, पुन्हा सुरात आणायचे, अशा तुकड्यातुकड्यांनी ध्वनिमुद्रण झाले. व्हेडेलने एक युक्ती केली. टेपच्या एका ट्रॅकवर त्याने आधी यंत्राला ताल सांगणारा स्पंद भरला. नंतर जो भाग वाजवायचा तो याच स्पंदाला बांधलेला, त्यामुळे आज भरलेला तुकडा आणि कालचा तुकडा केसभरही मागेपुढे होत नव्हते. माणसाच्या हातून असे होत नाही, आणि ऐकणाऱ्याला हा फरक कानाआधी पायांना कळतो. मुख्य बेस तर फारच थोड्या स्वरांचा आहे. त्याची एक प्रत डाव्या बाजूला आणि तिचाच किंचित उशिरा येणारा प्रतिध्वनी उजव्या बाजूला ठेवला गेला. दोन्ही मिळून दुडक्या चालीची जी दौड ऐकू येते ती कोणी वाजवलेलीच नाही. स्वर आणि त्याचा प्रतिध्वनी यांच्या फटीतून ती तयार होते. हाय-हॅट आणि स्नेअरचे आवाजही मूगच्याच खरखरीतून घडवले. मोठ्या ढोलाचा ठोका मात्र यंत्राला जमेना, तो कीथ फोर्सी या ड्रमरने पायाने वाजवला. भविष्यातल्या या गाण्यात एक माणूस तेवढा उरला, डॉनाचा गळा धरला तर दोन.

कंपनीला या गाण्याचे काय वाटले याचा पुरावा रेकॉर्डवरच आहे. १९७७च्या मे महिन्यात अमेरिकेत सात इंची सिंगल निघाली तेव्हा पहिल्या बाजूवर 'कान्ट वी जस्ट सिट डाउन' हे संथ प्रेमगीत होते आणि 'आय फील लव्ह' मागच्या बाजूला. रिदम अँड ब्लूजच्या यादीत ते प्रेमगीत २०व्या क्रमांकापर्यंत गेलेही. पण क्लबांतून मागणी येत होती ती मागच्या बाजूला. बाजू उलटवल्या गेल्या, युरोपात 'आय फील लव्ह' थेट पहिल्या बाजूवर आले, जुलैत ते ब्रिटनमध्ये पहिले झाले आणि अमेरिकेत वर्ष संपेतो सहाव्या क्रमांकावर पोचले. ब्रिटनमध्ये ही पंकच्या गदारोळाची वेळ होती, आणि त्या उन्हाळ्याच्या आठवणी लिहिणारे बहुतेक जण सेक्स पिस्टल्सबद्दलच लिहितात. ब्रायन ईनो ही रेकॉर्ड घेऊन बर्लिनमध्ये डेव्हिड बोवीकडे धावत गेला आणि भविष्याचा आवाज सापडला म्हणाला, ही बोवीने सांगितलेली आठवण तर या गाण्याच्या प्रत्येक लेखात असते. ती खरी असेल. पण ती इतकी आवडते याचे कारण मला वेगळे वाटते. रॉकमधल्या दोन मान्यवरांनी दाखला दिल्याशिवाय नाचायच्या गाण्याला मोठे म्हणायची समीक्षकांची तयारी नव्हती. फ्लोअरवरच्या लोकांना तो दाखला लागला नव्हता.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो हलका नाही. शेवटी लाखो लोकांनी विकत घेतली ती दुकानातली सिंगल, ऐकली ती रेडिओवरची छोटी आवृत्ती. मग मूठभर डीजेंच्या खास रेकॉर्डीला प्रमुख आणि लाखोंच्या रेकॉर्डीला नक्कल म्हणणे हा उफराटा न्याय नव्हे का? संख्येचा मुद्दा मान्यच आहे. पण इतिहासात दोन प्रश्न वेगळे असतात: एखादी गोष्ट किती जणांपर्यंत गेली आणि ती कोणत्या क्रमाने, कोणामुळे घडली. पहिल्याचे उत्तर विक्री-यादी देते. दुसऱ्याबाबत ती मुकी आहे; इतकेच नव्हे, फसवीही आहे, कारण कंपनीने आधी ठरवले आणि लोकांनी नंतर घेतले असा भास ती निर्माण करते. मागच्या बाजूवरून पुढच्या बाजूवर झालेला हा प्रवास तो भास मोडतो. कंपनीचा निर्णय एक होता, क्लबांचा दुसरा, आणि क्लबांपुढे कंपनीने माघार घेतली. हे एकाच गाण्याबाबत घडले असते तर अपवाद म्हणून सोडता आले असते. पण ज्या आकाराच्या तबकडीवर डिस्को पसरले तो आकारच मुळी असा जन्मला.

बारा इंची सिंगल कोणत्याही कंपनीच्या बैठकीत ठरलेली नाही. न्यूयॉर्कचा टॉम मोल्टन गाण्यांच्या नाचण्याजोग्या लांब आवृत्त्या तयार करायचा. त्याने अनेकदा सांगितलेली हकीकत अशी: अल डाउनिंगच्या 'आय विल बी होल्डिंग ऑन' या गाण्याची चाचणी-प्रत कापून घ्यायला तो होजे रॉड्रिग्ज या मास्टरिंग इंजिनीअरकडे गेला. सात इंची कोऱ्या तबकड्या संपल्या होत्या, म्हणून रॉड्रिग्जने दहा इंची काढली. तिच्यावर गाणे कापले तर खाचांचा जेमतेम एक पट्टा आणि बाकी सगळी तबकडी मोकळी. मोल्टनला ते हास्यास्पद वाटले. जरा पसरवता येईल का, असे त्याने विचारले. पसरवायचे तर आवाज वाढवावा लागेल, असे उत्तर आले. आवाज वाढवून कापलेली ती प्रत वाजवली तेव्हा दोघांनाही कळले की अशी रेकॉर्ड आजवर कोणी ऐकली नव्हती. पुढची पायरी बारा इंचांची. कोणत्या कंपनीने प्रचारासाठी पहिली बारा इंची काढली याबद्दल एकाहून अधिक दावेदार आहेत. दुकानात विकायला आलेली पहिली म्हणून साल्सोल कंपनीच्या 'टेन पर्सेंट'चे नाव घेतले जाते. डबल एक्स्पोजर या गटाचे हे गाणे, साल १९७६. सुमारे तीन मिनिटांच्या सिंगलचे वॉल्टर गिबन्स या डीजेने नऊ मिनिटांहून मोठे रूप केले. तेव्हा गिबन्स गॅलॅक्सी २१ या क्लबात रेकॉर्डी लावत असे. गाण्याचा कोणता भाग फ्लोअरला पुन्हा हवा असतो हे त्याने रोज रात्री, दोन टर्नटेबलांवर त्याच रेकॉर्डीच्या दोन प्रती मागेपुढे फिरवून, स्वतःच्या हाताने तपासलेले होते. कंपनीने त्याच्याकडून विकत घेतली ती ही तपासणी.

आकाराने नेमका काय फरक पडला हे समजायला खाचेकडे थोडे जवळून पाहावे लागते. सुई खाचेत डावी-उजवी हेलकावते आणि त्या हेलकाव्यांचा आवाज होतो. बेसचे हेलकावे सर्वात रुंद. आवाज जितका मोठा आणि बेस जितका भारी तितकी खाच अधिक झुलते, आणि शेजारची खाच तितकी दूर ठेवावी लागते. नाहीतर एकीची भिंत दुसरीत घुसते आणि सुई उडते. सात इंचांवर जागा कमी, म्हणून वेळ आणि आवाज यांतून एक निवडायचे. तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे ही रेडिओची गरज होती तशी या जागेचीही. दुसरी गोष्ट वेगाची. मिनिटाला ४५ फेरे या गतीने फिरणाऱ्या सात इंची तबकडीच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ४० सेंटिमीटर खाच सरकते. त्याच गतीच्या बारा इंचीच्या कडेला जवळपास ७० सेंटिमीटर. एकाच सेकंदाचा आवाज मांडायला पावणेदोन पट लांब पट्टा मिळाला की बारीक, तीव्र आवाजही पुसट न होता लिहिता येतात. मध्याकडे जाताना हा वेग घटतो, म्हणून घरच्या एलपीवर बाजूचे शेवटचे गाणे जरा पुसट झाल्यासारखे ऐकू येते. 'आय फील लव्ह' हे अल्बमवर शेवटचे गाणे होते. ज्या गाण्याचा सगळा डोलारा बेसच्या दौडीवर आणि हाय-हॅटच्या सुरीसारख्या धारेवर उभा, त्याला एलपीवर सर्वात वाईट जागा आली होती. बारा इंची सिंगलवर तेच गाणे सव्वाआठ मिनिटांचे झाले आणि त्याला त्याची जागा मिळाली. मोठ्या क्लबातल्या ध्वनियंत्रणेवर अल्बमची प्रत आणि ही प्रत एकामागून एक लावली तर फरक ओळखायला तज्ज्ञ लागत नसे.

अशा रेकॉर्डी डीजेंपर्यंत पोचायच्या कशा, याचीही व्यवस्था डीजेंनीच लावली. १९७५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये डेव्हिड मँकूसो आणि स्टीव्ह डॅक्विस्टो यांच्या पुढाकाराने रेकॉर्ड पूल सुरू झाला. मँकूसोच्या 'लॉफ्ट' या नाचाच्या ठिकाणीच, प्रिन्स स्ट्रीटवर, त्याचे कामकाज चाले. त्याआधी प्रत्येक डीजेने प्रत्येक कंपनीच्या दारात तिष्ठत उभे राहायचे आणि प्रचाराची प्रत मिळेल की नाही ते तिथल्या माणसाच्या मर्जीवर, असा मामला होता. पूलमध्ये कंपन्या प्रती एकगठ्ठा द्यायच्या, सभासद त्या फुकट घ्यायचे आणि फ्लोअरवर काय झाले ते लेखी कळवायचे. या व्यवहारात पैसा कुठेच दिसत नाही, म्हणून विक्री-याद्यांवर चालणाऱ्या इतिहासाला तो दिसत नाही. पण कोणत्या गाण्याची किती छपाई करायची, कोणती बाजू पुढे करायची, कोणते गाणे रेडिओकडे न्यायचे, हे या कागदांवरून ठरू लागले होते.

आता काउलीकडे येऊ. बफेलोत १९५० साली जन्मलेला हा मुलगा १९७१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला आला आणि सिटी कॉलेजात इलेक्ट्रॉनिक संगीत शिकला. पोटासाठी तो एका क्लबात प्रकाशयोजना सांभाळायचा. ही बारीकशी बाब मला महत्त्वाची वाटते. दिवे सांभाळणाऱ्याला रात्रभर फ्लोअरकडेच पाहावे लागते; कोणत्या क्षणी गर्दी उसळते आणि कोणत्या क्षणी तिचे लक्ष दाराकडे जाते हे त्याच्याइतके कोणालाच दिसत नाही. तिथेच त्याची सिल्व्हेस्टर या गायकाशी ओळख झाली, आणि १९७८च्या 'यू मेक मी फील (मायटी रियल)'मधले सिंथेसायझर काउलीचे आहेत. त्याच सुमारास त्याने 'आय फील लव्ह' हाती घेतले. कंपनीकडच्या मूळ मल्टिट्रॅक टेपा त्याला मिळणे शक्यच नव्हते. त्याच्याकडे होती ती दुकानात मिळणारी रेकॉर्ड. तिच्यातला बेसचा भाग त्याने टेपवर घेतला, कापला, टोकाला टोक जोडून तो फिरता ठेवला, आणि या न संपणाऱ्या पट्ट्यावर स्वतःच्या सिंथेसायझरचे नवे थर चढवले: झेपावणारे, घसरणारे, मधूनच किंचाळणारे आवाज. मोरोडरचे गाणे ताठ होते, एकाच रेषेत धावणारे. काउलीने त्यात चढउतार घातले. मधल्या मोठ्या टप्प्यात डॉनाचा आवाज पार नाहीसा होतो, नुसती यंत्रे एकमेकांशी झुंजतात, आणि ती परत येते तेव्हा आपण तिची वाट पाहत होतो हे लक्षात येते. मूळ गाण्यात वाट पाहायला सवडच नव्हती.

दुसरा आक्षेप इथला. हे सगळे परवानगीशिवाय झालेले. ज्याने गाणे केले त्याचे रूप प्रमाण. त्यावर दुसऱ्याने काही चढवले तर ते कितीही रंजक असो, ती मोडतोड. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०१२च्या मे महिन्यात, डॉनाच्या मृत्यूनंतर आठवड्याभरातच, राष्ट्रीय ध्वनिमुद्रण-सूचीत घातले तेही म्युनिकचेच ध्वनिमुद्रण. हा आक्षेप एका गृहीतकावर उभा आहे: तबकडीवर जे आहे तेच गाणे. आपल्याकडे हे गृहीतक इतक्या सहज मान्य झाले नसते. ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर तीन-साडेतीन मिनिटांत कोंबलेले नाट्यपद म्हणजे बालगंधर्वांचे गाणे, असे त्यांना रंगभूमीवर ऐकलेला कोणी म्हणाला नसता. वन्समोअर घेत रात्र सरेपर्यंत वाढत जायचे ते गाणे, आणि तबकडी हा त्याचा नमुना. डिस्कोतही गाणे खऱ्या अर्थाने घडायचे ते फ्लोअरवर, दोन टर्नटेबलांच्या मध्ये, रोज थोडे वेगळे. फरक इतकाच की इथे प्रत्यक्ष मैफलीचे साधनही तबकडीच होती. त्यामुळे फ्लोअरवर जे सिद्ध झाले ते पुन्हा तबकडीवर उतरवणे शक्य झाले, आणि काउलीने केले ते हेच. कायद्याच्या भाषेत तो उल्लंघन करत होता यात शंका नाही. पण मोल्टन, गिबन्स आणि काउली यांच्या कामात मला प्रकाराचा फरक दिसत नाही. पहिल्या दोघांना कंपनीने आधी बोलावले, तिसऱ्याला नंतर.

'नंतर' म्हणजे काय, हे समजायला मधली तीन-चार वर्षे पाहावी लागतात. १२ जुलै १९७९ला शिकागोच्या कॉमिस्की पार्कमध्ये बेसबॉलच्या दोन सामन्यांच्या मध्ये स्टीव्ह डाल या रेडिओ-निवेदकाने डिस्कोच्या रेकॉर्डींचा ढीग स्फोटाने उडवला. डिस्कोची एक रेकॉर्ड आणणाऱ्याला तिकीट ९८ सेंटांत होते. प्रेक्षक मैदानात घुसले, खेळपट्टीची वाट लागली, दुसरा सामना यजमान संघाला सोडून द्यावा लागला. त्या जमावाच्या रागात संगीताची नावड किती आणि ज्यांचे हे संगीत होते त्या काळ्या, लॅटिनो आणि समलिंगी लोकांविषयीची नावड किती, यावर आजही वाद होतात. दुसरी अजिबात नव्हती असे म्हणायला मात्र डोळे मिटावे लागतील. मोठ्या कंपन्यांनी 'डिस्को' हा शब्द टाळायला सुरुवात केली. विक्री-याद्यांवरून पाहिले तर डिस्को इथे संपते, आणि बहुतेक पुस्तकांतले प्रकरणही इथेच संपते. क्लब मात्र बंद पडले नव्हते. सॅन फ्रान्सिस्कोत तर ते भरात होते. कंपन्यांनी माल पुरवणे थांबवले, पण फ्लोअरची भूक तीच होती. ती भागवायला ज्या वाटा होत्या त्यांतली एक म्हणजे न्यूयॉर्कची डिस्कोनेट ही वर्गणीदार-सेवा. १९७७ पासून ती फक्त काम करणाऱ्या डीजेंना खास मिश्रणांच्या रेकॉर्डी पाठवत असे. दुकानात त्या विकायच्या नव्हत्या. १९८० मध्ये काउलीचे 'आय फील लव्ह' डिस्कोनेटच्या रेकॉर्डीवर आले. तोवर ते ओळखीपाळखीतून फिरत होते. आता वर्गणी भरणाऱ्या कोणत्याही डीजेपर्यंत ते जाऊ शकत होते. काउलीने पुढच्याच वर्षी मार्टी ब्लेकमनबरोबर मेगाटोन ही स्वतःची कंपनी काढली आणि त्याचे 'मेनर्जी' बिलबोर्डच्या डान्स-यादीत पहिले आले. डिस्को संपल्याचे ज्या काळात सांगितले जाते तो हाच काळ.

१९८२ मध्ये काउलीचे मिश्रण ब्रिटनमध्ये कॅसाब्लांकाच्याच लेबलखाली अधिकृतपणे निघाले. बोगार्ट तेव्हा कंपनीत नव्हता. ती त्याने पॉलिग्रामला विकली होती आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात कर्करोगाने तो वारला. १२ नोव्हेंबरला काउलीही गेला. वय ३२. ज्या आजाराला एड्स हे नाव मिळून काही महिनेच झाले होते, त्याच्या पहिल्या बळींपैकी तो एक. म्हणजे ज्याच्या कंपनीने गाणे मागच्या बाजूला ढकलले होते आणि ज्याने ते पावणेसोळा मिनिटांपर्यंत नेले होते, ते दोघेही वर्ष संपायच्या आत गेले. कंपनीने मात्र एक गोष्ट कबूल केली, मग कारण धंद्याचे का असेना: आपल्या मालकीच्या गाण्याचे बाजारात चालेल असे रूप आपल्या स्टुडिओत नव्हे, एका परक्या माणसाच्या टेपवर तयार झाले आहे. चोरीचा माल मालकाने स्वतःच्या दुकानात मांडावा, तेही चोराच्या नावानिशी, असे संगीताच्या धंद्यात वारंवार घडत नाही. १९८५ मध्ये ब्रॉन्स्की बीट आणि मार्क आमंड यांनी हेच गाणे आपल्या मेडलीत घेऊन ब्रिटनमध्ये तिसरा क्रमांक गाठला.

उरला तिसरा आक्षेप, बाजारातला. दुर्मिळ रेकॉर्डीचे हे माहात्म्य म्हणजे संग्राहकांच्या हौसेला दिलेली इतिहासाची झूल, असे कोणी म्हणेल. हौस असते आणि ती बऱ्याचदा आंधळी असते. म्हणूनच दुर्मिळतेचे दोन प्रकार वेगळे ठेवायला हवेत, आणि त्यांतल्या एका प्रकाराचे ठळक उदाहरण आपल्या मुंबईतच आहे. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणाऱ्या चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये एचएमव्हीसाठी 'सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट' हा अल्बम केला. रोलँड कंपनीची टीआर-८०८, टीबी-३०३ आणि ज्युपिटर-८ ही तीन यंत्रे, आणि दहा राग. रेकॉर्ड फारशी खपली नाही आणि विसरली गेली. २०१० मध्ये एका डच संग्राहकाने ती पुन्हा काढली तेव्हा ऐकणारे चक्रावले, कारण शिकागोत १९८७ मध्ये 'अ‍ॅसिड ट्रॅक्स'ने ज्या अ‍ॅसिड हाउस शैलीचा पाया घातला ती शैली जणू इथे पाच वर्षे आधी वाजत होती. मग चरणजित सिंग हेच त्या शैलीचे जनक, असेही लिहिले गेले. रेकॉर्ड विलक्षण आहे, पण हा निष्कर्ष चुकीचा आहे. मुंबईहून शिकागोला जाणारी कोणतीही वाट नव्हती. ही रेकॉर्ड रोज रात्री लावणारे डीजे नव्हते, रेकॉर्ड पूल नव्हता, वर्गणीदार-सेवा नव्हती. आपल्याकडे डिस्को आले ते चित्रपटातून. १९८०च्या 'कुर्बानी'तले 'आप जैसा कोई' बिड्डूने लंडनमध्ये नाझिया हसनच्या आवाजात केले आणि ते पडदा, रेडिओ, लाउडस्पीकर या वाटांनी गावोगाव गेले; फ्लोअर नावाचा मधला टप्पा त्या प्रवासात नव्हता. चरणजित सिंगांची रेकॉर्ड दुर्मिळ झाली कारण ती कोणी वाजवली नाही. काउलीची दुर्मिळ होती कारण ती फक्त वाजवणाऱ्यांसाठीच होती. पहिलीतून एका कलावंताची झेप कळते, दुसरीतून एका व्यवहाराची रचना, आणि इतिहास लिहिणाऱ्याला या दोन्ही प्रती किमतीच्या एकाच यादीत दिसतात म्हणून त्यांचे वजन सारखे ठरत नाही.

डिस्कोनेटच्या त्या प्रतीचे पुढे जे झाले त्यातही हा भेद दिसतो. १९८० ते १९८२ या काळात ती जवळ असणे म्हणजे डीजेकडे असे हत्यार असणे जे पलीकडच्या क्लबात कदाचित नसेल. तिची किंमत पैशांत कोणी मोजत नव्हते, ती झिजवण्यासाठीच होती. ब्रिटनमध्ये अधिकृत बारा इंची निघाल्यावर तेच मिश्रण कोणालाही दुकानातून विकत घेता येऊ लागले आणि वर्गणीदारांच्या रेकॉर्डीचे काम संपले. संग्राहक तिच्या मागे लागले ते त्यानंतर. आज अशी प्रत विकायला येते तेव्हा वर्णनात आधी खाचा किती स्वच्छ आहेत ते लिहितात, आणि जिच्यावर सुई कमीत कमी फिरली तिला भाव जास्त मिळतो.